मोठ्या डिझेल इंजिनात गॅस्केट आणि ओ-रिंग पुन्हा पुन्हा का गळतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मध्यम गतीचे जनरेटर इंजिन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३२० मिमी. ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, झाल्यावर दोन-तीन महिन्यांतच एखाद्या सिलिंडरच्या हेडखालून वायू फुसफुसू लागतो आणि लायनरच्या (ब्लॉकमध्ये बसवलेली, पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) खालच्या ओ-रिंगांमधून, म्हणजे गोल रबरी सीलांमधून, पाणी येते. तीनदा नवे सील बसवले. शेवटच्या खेपेला ओ-रिंग महागड्या विटॉन रबराच्या घेतल्या, तरी फरक पडला नाही. आता गॅस्केट जाड घ्यावे, की आणखी भारी मटेरियल शोधावे?

दोन्ही नको. एकाच जागी सील वारंवार जात असेल, तर बहुतेक वेळा दोष सीलमध्ये नसतो. ते ज्या दोन पृष्ठभागांमध्ये बसते ते पृष्ठभाग, त्यांना धरून ठेवणारे स्टड (आटे असलेले लांब दांडे, ज्यांवर नट आवळतात) आणि तिथली हालचाल या तिघांत कुठेतरी तो असतो. नवे सील ही उणीव काही काळ झाकते आणि म्हणूनच गळती दोन-तीन महिन्यांनी परत दिसते. आधी हेडचे बघू.

३२० मिमी बोअरचे क्षेत्रफळ साधारण ८०० चौरस सेंमी. ज्वलनाचा कमाल दाब २०० बार धरला, तर दर स्फोटाला हेड वर उचलणारे बल सुमारे १६४ टन होते. चार स्टड असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ४१ टन. इंजिन ७५० फेऱ्यांचे चार-स्ट्रोक असेल तर मिनिटाला ३७५ स्फोट, म्हणजे तासाला २२,५०० आणि १२,००० तासांत २७ कोटी. हेड आणि लायनर यांच्यामधली धातूची सील-रिंग इतक्या वेळा हा झटका खाते. इतक्या दाबापुढे कोणतेही गॅस्केट स्वतःच्या ताकदीवर टिकत नाही. स्टडांनी आधीच इतके बल साठवलेले असावे लागते की ऐन स्फोटाच्या क्षणीही रिंगवरचा दाब शून्यावर येता कामा नये. तो शून्याच्या जवळ गेला की हेड आणि लायनर यांच्यात काही मायक्रॉनची उघडझाप सुरू होते. डोळ्याला काही दिसत नाही, पण पृष्ठभाग एकमेकांवर घासून लालसर-तपकिरी भुकटी तयार होते, मग एक बारीक वाट पडते आणि त्या वाटेने तापलेला वायू धातू कापत जातो. हेड काढल्यावर रिंगच्या बसण्याच्या जागी अशी भुकटी किंवा काळ्या रेघा दिसल्या, तर रिंग बदलून भागणार नाही. तिथे ताण कमी पडला होता.

ताण कमी पडण्याची कारणे कामाच्या पद्धतीत असतात. टॉर्क रेंचने आवळताना दिलेल्या टॉर्कपैकी जेमतेम दहावा भाग स्टड ताणण्याच्या कामी येतो, बाकी सगळा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. आट्यांना कोणते वंगण लावले, नटाखालचा फेस (टेकणारा पृष्ठभाग) कसा आहे, यावर प्रत्यक्ष ताण पंचवीस-तीस टक्क्यांनी सहज कमी-जास्त होतो. म्हणून मोठ्या इंजिनांत हायड्रॉलिक जॅकने स्टड सरळ ओढतात, नट हाताने खाली बसवतात आणि दाब सोडतात. ही पद्धत पुष्कळ चांगली आहे, पण तिच्यातही दाब सोडल्यावर भार जॅककडून नटावर जाताना थोडा ताण जातोच. त्यामुळे मॅन्युअलमध्ये दोन टप्पे किंवा पुन्हा ओढण्याची सूचना असेल तर ती पाळा. गेजचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले तेही बघा. एकाच जॅकसंचाने सगळी हेडे आवळली आणि त्यातला एक जॅक आतून गळत असला, तर त्या जॅकचा स्टड कायम ढिला राहतो. तुमच्याकडे गळती हेडच्या एकाच ठरावीक बाजूला दिसत असेल तर ही शक्यता खरोखर तपासण्यासारखी आहे.

स्टडच्या लांबीचा हिशेब बारकाईने समजून घ्या, कारण पुष्कळ गळत्यांचे मूळ त्यात आहे. ८०० मिमी लांबीचा स्टड ४०० मेगापास्कल ताणाला सुमारे १.५ मिमी लांबतो. १०० मिमीचा आखूड स्टड तेवढ्याच ताणाला जेमतेम ०.२ मिमी. आता नटाखाली राहिलेला रंगाचा थर, फेसवरचा कार्बन किंवा धातूची एखादी बर (उठलेली धार) चालू इंजिनात दबून ०.०५ मिमीने बसली असे समजा. लांब स्टडचा तीन टक्के ताण गेला, आखूड स्टडचा चौथा हिस्सा. म्हणून मोठ्या हेडचे स्टड मुद्दाम लांब आणि मधल्या भागात बारीक केलेले असतात. आणि म्हणूनच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पंपाच्या फ्लँज, कूलरची झाकणे अशा आखूड बोल्टांच्या जागा आधी सुटतात. जोडाच्या फेसवर आणि नटाखाली रंग अजिबात नको. इंजिन सुंदर दिसावे म्हणून सगळीकडे स्प्रे मारण्याची सवय असते. त्याचे परिणाम याच जागांवर भोगावे लागतात.

जाड गॅस्केटचा विचारही याच हिशेबाने सोडून द्यावा. गॅस्केट जितके जाड तितके ते काळानुसार अधिक दबते, अधिक ढिले पडते आणि आतल्या दाबाला त्याची अधिक कड मिळते. फेस सरळ असेल तर शक्य तितके पातळ गॅस्केट उत्तम. फेस वाकडा आहे म्हणून जाड घ्यावे लागत असेल, तर फेस दुरुस्त करणे हे काम आहे. तुमच्या वर्गातल्या इंजिनांत हेड आणि लायनर यांच्यामध्ये बहुधा मऊ पोलादाची किंवा तांब्याची अखंड रिंग असते. तिची जाडी बदलली की दाबगुणोत्तर बदलते, पिस्टन आणि व्हॉल्व्हमधले अंतर बदलते. उत्पादकाने दुरुस्तीसाठी वेगळ्या जाडीची रिंग दिली असेल आणि लायनरचा फेस तेवढा कापला असेल तरच ती वापरायची. लायनरच्या फेसला ब्लू (खुणेचा निळा रंग) लावून रिंग फिरवा. पूर्ण गोल, अखंड पट्टा उठला पाहिजे. तो तुटक दिसला तर मॅन्युअलने दिलेल्या साधनानेच लॅपिंग करा, म्हणजे बारीक पेस्टने घासून फेस जुळवा. हाताने पॉलिश पेपर मारून तो फेस कधीच सरळ होत नाही, उलट कडा गोल होतात.

आता लायनरच्या ओ-रिंग. माझ्या मते तुमचा खरा दोष इथे सापडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

ओ-रिंग पाणी अडवते ते तिला दिलेल्या दाबणुकीच्या जोरावर. स्थिर जागी, म्हणजे लायनरसारख्या ठिकाणी, रिंगच्या दोरीच्या (रबराच्या गोल काडीच्या) जाडीच्या साधारण १५ ते २५ टक्के दाबणूक ठेवतात. ७ मिमी जाडीच्या रिंगला २० टक्के म्हणजे १.४ मिमी. आता ब्लॉकचा बोअर, म्हणजे लायनर ज्यात बसतो ते भोक, बघा. पाण्याच्या बाजूने वर्षानुवर्षे गंजून तो ओ-रिंगच्या पट्ट्यात ०.५ मिमी खोल गेला असेल, तर दाबणूक ०.९ मिमीवर येते, म्हणजे १३ टक्के. त्यात रबराला कायमची बसकण येते. ७० टक्के बसकण आलेली रिंग दिलेल्या दाबणुकीपैकी फक्त ३० टक्केच परत उसळते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की विटॉन असो वा आणखी काही, पाणी येणारच. तुम्ही रिंग तीनदा बदलल्या, पण तो बोअर मोजला का? लायनर बाहेर असताना ब्लॉकच्या त्या पट्ट्यात बोट फिरवा, मग इनसाइड मायक्रोमीटरने चार दिशांना मोजा आणि आकडे लिहून ठेवा. खड्डे असतील तर तो पट्टा बोअर करून स्लीव्ह बसवणे किंवा उत्पादकाने मान्य केलेल्या धातूभरावाने भरून पुन्हा मापात आणणे, हाच इलाज.

इथे पुष्कळ जण एक पळवाट काढतात, ती म्हणजे पुढच्या मापाची जाड ओ-रिंग बसवणे. हे धोक्याचे आहे. रबराचा आकार बदलतो, पण आकारमान जवळजवळ बदलत नाही, आणि तापल्यावर ते पोलादाच्या दसपट किंवा त्याहून जास्त फुगते. त्यामुळे खाचेत रबर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त भरू देत नाहीत. खाच गच्च भरली की गरम झालेल्या रबराला जायला जागा उरत नाही. ते लायनरची भिंत आत ढकलते, बोअर त्या पट्ट्यात आवळला जातो आणि पिस्टन तिथे घासतो. पाणी थांबलेले दिसते आणि काही आठवड्यांनी पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या भागावर) ओरखडे सापडतात.

बहुतेक वेट लायनरमध्ये (ज्याच्या बाहेरून थेट पाणी खेळते) ओ-रिंगांच्या दोन गटांमध्ये एक लहान भोक बाहेर निघते. त्याला टेल-टेल म्हणतात. तिथून पाणी टपकले तर वरची, पाण्याकडची रिंग गेली. तेल आले तर खालची, क्रँककेसकडची. हे भोक रंगाने किंवा मळाने बुजलेले असेल तर वरच्या रिंगमधून निसटलेले पाणी खालच्या रिंगवर दाब देते आणि शेवटी तेलात उतरते. तेल दुधी झाल्यावर कळणे आणि भोकातून चार थेंब दिसणे यात बेअरिंग वाचणे किंवा जाणे इतका फरक आहे. दर आठवड्याला ही भोके तारेने मोकळी करून बघा. आणखी एक खूण: इंजिन थंड असताना थेंब पडतात आणि गरम झाल्यावर थांबतात, असे होत असेल तर रिंग कायमची बसली आहे. गरम झाल्यावर ती फुगून वेळ मारून नेते, थंड झाली की आक्रसते.

बसवण्याची पद्धत सांगतो. लायनर पहिल्यांदा ओ-रिंग न घालता उतरवा. तो स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत गेला पाहिजे आणि वरचा कॉलर सगळीकडे टेकला पाहिजे. अडकला तर बोअरमध्ये गंज किंवा क्षाराचा थर आहे. तो तसाच ठेवून ओ-रिंगसकट जॅकने ओढून बसवलेला लायनर तिरका बसतो. मग लायनर बाहेर काढा, ब्लॉकमधल्या प्रवेशाच्या कडेचा उतार बोटाने तपासा, धार असेल तर गुळगुळीत करा. ओ-रिंग खाचेत घातल्यावर तिच्याखालून गुळगुळीत, गोल दांडी घालून एक पूर्ण फेरी मारा, म्हणजे पीळ निघतो आणि ताण सगळीकडे सारखा होतो. दोरीवरची शिवणरेघ सबंध परिघात एकाच बाजूला दिसली पाहिजे. बसवलेली रिंग पाच टक्क्यांहून जास्त ताणलेली नसावी. वंगणाला साबणाचे पाणी किंवा उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन ग्रीस वापरा. लायनर बसला की पिस्टन घालण्यापूर्वी जॅकेटमध्ये (लायनरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) पाणी भरून दाब द्या आणि खालून टॉर्चने बघा. या चाचणीला जाणारा वेळ वाचवण्यासारखा नाही. पिस्टन आणि हेड चढल्यावर कळलेल्या गळतीचे काम किती वाढते, हे तुम्ही तीनदा अनुभवले आहे.

मटेरियलबद्दल. नायट्राईल म्हणजे एनबीआर तेल आणि डिझेलला चांगले, सततच्या कामाला साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत. ईपीडीएम गरम पाणी आणि ग्लायकॉलला फार चांगले, पण खनिज तेलात फुगून लिबलिबीत होते. त्याला साधे ग्रीससुद्धा लावायचे नाही. सिलिकॉन तापमानाला टिकते, मात्र फाटायला नाजूक. विटॉन, म्हणजे एफकेएम, २०० अंशांपर्यंत जाते आणि तेल-इंधनाला उत्तम. पण गरम पाणी आणि वाफेत त्याच्या सगळ्याच ग्रेड चांगल्या नसतात. 'विटॉन घेतले' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. कूलंटमध्ये कोणते रसायन आहे ते सांगून ग्रेड मागवा. तुमच्या इंजिनाच्या यादीत वरच्या आणि खालच्या रिंगांसाठी वेगवेगळी मटेरियल दिलेली असण्याचीही शक्यता आहे. तिथे सगळ्या सारख्या बसवणे म्हणजे सुधारणा नव्हे. रंगावरून मटेरियल ओळखू नका, रंग कोणताही देता येतो. शंका असेल तर तोलून बघा: त्याच मापाची विटॉनची रिंग नायट्राईलच्या सुमारे दीडपट भरते.

इंधन बदलले तरी सील गळू शकतात, ही गोष्ट अजूनही कमी लोकांना ठाऊक आहे. १९९३ साली अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, कमी गंधकाचे आणि कमी ॲरोमॅटिक द्रव्यांचे डिझेल आले तेव्हा पुष्कळ जुन्या इंधन पंपांच्या नायट्राईल ओ-रिंग गळू लागल्या. जुन्या इंधनातल्या ॲरोमॅटिक द्रव्यांनी रबर फुगलेले होते. नव्या इंधनात ती द्रव्ये रबरातून निघून गेली, रिंग आक्रसल्या, आणि आधीच बसकण आलेल्या रिंगांत उसळी उरली नव्हती. जड तेलावरून हलक्या डिझेलवर जाताना मोठ्या इंजिनांतही हेच होते. त्यात तापमान घटते आणि इंधन पातळ होते, म्हणजे गळायला सगळ्याच बाजूंनी अनुकूल. अशा बदलाआधी इंधन पंपांचे जुने सील बदलून घेतलेले बरे.

काढलेली रिंग कधी कचऱ्यात टाकू नका, ती सगळे सांगते. पुसून, जागा आणि वरची बाजू लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवा. एका बाजूने सपाट झालेली असेल तर उष्णता आणि वय. कडक होऊन बाहेरून बारीक तडे गेले असतील तर मटेरियलला झेपत नाही इतके तापमान. मऊ आणि फुगलेली असेल तर चुकीचे द्रव किंवा चुकीचे ग्रीस. एका कडेला कुरतडल्यासारखे तुकडे निघाले असतील तर रबर दाबाने फटीत घुसत होते. मग फट कमी करायची किंवा पाठीला पीटीएफईची (टेफ्लॉनची) आधाररिंग द्यायची. तिरका, स्क्रूसारखा कापा दिसला तर पीळ राहिला होता. एकाच ठिकाणी सरळ काप म्हणजे बसवतानाची धार. आणि काढलेली रिंग चांगली, लवचीक, गोल निघाली आणि तरी पाणी येत होते, तर थेट ब्लॉकचा बोअर मोजायला घ्या. सावधगिरीची एक सूचना: आगीत किंवा फार उष्णतेत जळून काळ्या चिकट लगद्यासारखे झालेले विटॉन हाताने अजिबात उचलू नका. त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार झालेले असू शकते. ते कातडीतून आत उतरते आणि त्याची जखम अतिशय वाईट असते.

साठवणीचेही महत्त्व आहे. नायट्राईलला साधारण ७ वर्षे आणि विटॉन, सिलिकॉन, ईपीडीएमला १० वर्षे अशी साठवणीची मुदत आयएसओ २२३० या मानकात दिली आहे. ती २५ अंशांखाली, अंधारात आणि बंद पाकिटात ठेवलेल्या मालासाठी. चालू विद्युत मोटारीशेजारी ओझोन असतो, तो ताणलेल्या रबराला चिरा पाडतो. म्हणून ओ-रिंग खिळ्यावर टांगायच्या नाहीत.

क्रँकशाफ्टच्या टोकाचे सील तुम्ही विचारलेले नाही, पण त्याच इंजिनावर तिथेही तेल दिसत असेल तर सील बदलण्याआधी क्रँककेसचा दाब मोजा. पिस्टन रिंगांमधून वायू निसटत असेल किंवा व्हेंट पाइप तुंबला असेल तर आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या वाटेने बाहेर येते. ३०० मिमीच्या शाफ्टचा वेग ७५० फेऱ्यांना सेकंदाला जवळजवळ १२ मीटर होतो. अशा ठिकाणी पुष्कळदा रबरी ओठाऐवजी तेल झटकणारी रिंग आणि चक्रव्यूह सील (वळणावळणाची अरुंद फट) असते. तिथे काहीच टेकत नाही, त्यामुळे झिजही नाही, पण तेल परत नेणारे भोक बुजले की तेही गळते. रबरी ओठ असेल आणि शाफ्टवर चर पडला असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर सरकवून बसवा किंवा पातळ स्लीव्ह घाला.

एक्झॉस्टच्या फ्लँजवर ग्रॅफाइटचे गॅस्केट हवेच्या संपर्कात ४५० अंशांच्या वर हळूहळू जळून जाते. तिथे अभ्रकाचे किंवा नालीदार पोलादाचे घ्या आणि बेलो (पाइपाचे प्रसरण सामावणारा नालीदार लवचीक तुकडा) मोकळा हलतो का ते बघा. बेलो अडकलेला असेल तर पाइपचे सगळे प्रसरण त्या आखूड बोल्टांवर येते. इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरबाबत एकच सांगतो: जुना वॉशर भोकात चिकटून राहतो आणि त्यावर नवा बसवला जातो. मग इंजेक्टर वर राहतो, फवारा चुकतो आणि वायूही निसटतो. दर वेळी आरशाने भोक तपासा. इंधनाच्या जोडाबाबत मात्र कसलीही तडजोड नको. समुद्री जहाजांसाठीच्या सोलास या आंतरराष्ट्रीय सुरक्षा-नियमांत २२० अंशांपेक्षा गरम पृष्ठभागांवर आवरण असावे आणि उच्च दाबाच्या इंधननळ्या दुहेरी आवरणाच्या असाव्यात असे आहे, कारण इंजिनखोलीतल्या आगींचे हे नेहमीचे कारण आहे. जमिनीवरच्या इंजिनालाही तोच न्याय लावा.

इंजिन जुने असेल तर राखाडी कडक गॅस्केट ॲस्बेस्टॉसचे असू शकते. ते कोरडे खरवडू नका, वायर ब्रश लावू नका. ओले करून, योग्य मास्क घालून काढा. त्याच्या जागी येणारे अरामिड तंतूंचे गॅस्केट तापल्यावर ठिसूळ होते, म्हणून एकदा गरम झालेला जोड पुन्हा आवळायचा नाही. त्याला ग्रीस किंवा जॉइंटिंग पेस्टही लावायची नाही. ग्रीसमुळे ते दाबाखाली बाजूला सरकते. सिलिकॉन सीलंट जिथे मॅन्युअलने सांगितले तिथेच, पातळ रेघेत. आत सुटलेली त्याची गोळी तेलाच्या वाटेत जाऊन बसते. क्रँककेसच्या रिलीफ व्हॉल्व्हला तर ते अजिबात लावू नका, व्हॉल्व्ह चिकटला तर स्फोटाच्या वेळी उघडणार नाही.

तुमच्या पुढच्या ओव्हरहॉलसाठी क्रम असा ठेवा. हेड काढण्याआधी प्रत्येक नट कोणत्या हायड्रॉलिक दाबाला सुटतो ते लिहून घ्या. आवळताना दिलेल्या दाबापेक्षा तो बराच खाली असेल तर हेडच्या गळतीचे कारण तिथेच मिळाले. गळणाऱ्या सिलिंडरचे आणि न गळणाऱ्या एका सिलिंडरचे लायनर दोन्ही काढा, दोन्ही ठिकाणी ब्लॉकचा बोअर, लायनरची खाच आणि जुन्या रिंगची जाडी मोजा. तिन्ही आकड्यांवरून दोन्हीकडची दाबणूक काढा. ती दोन्हीकडे सारखी निघाली, तर कूलंट आणि रिंगचे मटेरियल यांच्याकडे वळा. वेगळी निघाली, तर ब्लॉकच्या दुरुस्तीची तयारी करूनच नव्या रिंग मागवा.